बोनस : कर्जात की खात्यात?

(घाटकोपर येथे कामगार कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या चाळींत दिवाळीच्या तोंडावर एक प्रश्न हमखास निघतो. बोनसच्या पैशातून कर्ज फेडावे, की सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या करमुक्त खात्यात ते टाकावेत? प्रश्न घरगुती दिसतो; पण त्याचे उत्तर माणूस कोणत्या वर्गाचा आहे यावर ठरते.

1968 साली सुरू झालेल्या या योजनेचा व्याजदर एप्रिल 2020 मध्ये 7.1 टक्क्यांवर आला. त्या दराने 50 हजारांवर वर्षाला 3,550 रुपये मिळतात. तेवढेच कर्ज दरमहा शेकडा दोन रुपयांनी घेतलेले असेल, तर व्याजापायी 12 हजार जातात. मग ‘करमुक्त’ या शब्दाची एवढी मोहिनी का? जो कर भरतो त्याला सवलतीची किंमत आहे. वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्या अधिकाऱ्याला जुन्या करपद्धतीत गुंतवणुकीवर वजावट मिळते, वर व्याजही करमुक्त. आपल्या सभासदाचे काय? 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या वेतनावर कर पडत नाही, आणि तिथे ही वजावटही नाही. जो कर त्याला लागतच नाही, त्याची सूट घेऊन त्याने करावे काय? (बँकेच्या जाहिरातीत हे सांगत नाहीत, हे ओघानेच आले.)

तेव्हा सावकाराचे आणि क्रेडिट कार्डाचे देणे आधी फेडावे. परवान्याशिवाय सावकारी करणे 2014 च्या महाराष्ट्र कायद्याने गुन्हा आहे, हेही वस्तीत सांगावे. पतपेढीच्या स्वस्त कर्जाची घाई नको.

मात्र सगळा बोनस कर्जात ओतू नये. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखान्यांना टाळी लागली, तेव्हा उपनगरातील कामगारांनीही तेच भोगले. पगार थांबला की फेडलेला पैसा परत हाती येत नाही, आणि या खात्यातून सातव्या वर्षाआधी काही काढता येत नाही. तिसऱ्या वर्षापासून कर्ज मिळते, तेही मर्यादित. म्हणून दोन-तीन महिन्यांचा घरखर्च साध्या बचत खात्यात असावा.

एक गोष्ट मात्र या खात्याच्या बाजूने मांडलीच पाहिजे. धनकोने दावा जिंकला तरी न्यायालयाच्या हुकुमाने त्यातील रकमेवर जप्ती येत नाही. वर्षाला 500 रुपये भरले तरी खाते चालू राहते. तेवढे सभासदाने पत्नीच्या नावे भरावेत, असे मी सुचवीन.