आधी एमआरआय, मग सुई: बाबांचा पीएसए वाढला तर?

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा एपिसोड लावतील. थांबा जरा. विषय तुमचा नाही, तुमच्या बाबांचा आहे.

बाबा साठीच्या पुढचे. रात्री तीन-चारदा लघवीला उठतात. विचारलं तर म्हणतात, "वय झालं, चालायचंच." शेवटी रक्त तपासलं, तर पीएसए वाढलेला. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्याकडे येतो, कारण घरात गूगल करणारे तुम्हीच. आणि पोटात गोळा येतो.

तर पहिली गोष्ट: पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. वयानुसार ती वाढते, कधी तिला इन्फेक्शन होतं. तेव्हाही पीएसए चढतो.

मग खरं काय ते कळणार कसं? पूर्वी पुढची पायरी थेट बायोप्सी असायची. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण गाठ नेमकी कुठे ते बहुतेकदा नीट दिसत नाही. म्हणून ठरलेल्या जागांवरून सुईने दहा-बारा तुकडे काढायचे. म्हणजे जवळजवळ अंदाजपंचेच. धोकादायक गाठ सुयांच्या मधल्या जागेत राहून जायची. उलट, ज्याने आयुष्यभर काही त्रास दिला नसता असा बारीकसा कॅन्सर सापडायचा, आणि मग ऑपरेशन, रेडिएशन, त्यानंतर लघवीवर ताबा न राहणं, लैंगिक अडचणी. हे सगळं कधीकधी विनाकारण.

इथे एमआरआय कामाला येतो. यात एक्स-रेसारखं रेडिएशन नसतं, चुंबक असतं. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने असतात, त्यामुळे तिथे पाण्याच्या कणांना हलायला जागा कमी. एमआरआयला हा फरक दिसतो. मग रेडिओलॉजिस्ट १ ते ५ गुण देतात. १-२ म्हणजे संशय कमी, ४-५ म्हणजे जास्त. ३ आला की डॉक्टर पीएसए, ग्रंथीचा आकार, घरातला इतिहास असं सगळं मिळून ठरवतात.

हे नुसतं बोलणं नाही बरं का. ब्रिटनमधला 'प्रोमिस' हा अभ्यास २०१७ साली छापून आला. ५७६ पुरुषांचा एमआरआय झाला, नेहमीची बायोप्सी झाली, आणि पडताळा म्हणून दर ५ मिलिमीटरवर नमुने घेणारी सखोल बायोप्सीसुद्धा. धोकादायक कॅन्सर असलेल्या दर १०० जणांपैकी ९३ जणांत एमआरआयला संशय आला. नेहमीच्या बायोप्सीने पकडले फक्त ४८. पुढे २०१९ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने आधी एमआरआय करा, असंच सांगितलं.

पण एमआरआय म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. संशय दाखवलेल्या अनेकांना धोकादायक कॅन्सर नसतो, आणि थोड्यांचा कॅन्सर त्यात दिसतच नाही. कॅन्सर आहे हे पक्कं होतं ते तुकडा तपासूनच. फरक इतकाच की आता सुई कुठे घालायची ते माहीत असतं, आणि काहींना सुईची गरजच पडत नाही. मात्र रिपोर्ट चांगला आला तरी पीएसए अधूनमधून तपासत राहायचा.

आता तुमचं काम. बाबांसोबत युरोलॉजिस्टकडे जा आणि विचारा: "डॉक्टर, बायोप्सीच्या आधी एमआरआय करता येईल का?" 'आधी' हा शब्द महत्त्वाचा, कारण बायोप्सीनंतर आत रक्त साकळतं आणि फोटो वाचणं अवघड जातं. प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी वाचणारे रेडिओलॉजिस्ट कोण, तेही विचारा. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधीच सांगा. मशीन खूप ठकठक करतं, याची बाबांना कल्पना द्या.

आणि हो, बाबा हा विषय स्वतःहून काढणार नाहीत. आज जेवताना तुम्हीच विचारा, "बाबा, रात्री किती वेळा उठता?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.