पाणी कुठवर आलं?

पावसाळ्यात दासगावात एकच प्रश्न असतो : सावित्रीचं पाणी कुठवर आलं? नाव ‘पाणी’च, आकडा मात्र तासागणिक वेगळा. वेब प्रोग्रॅमिंगमधलं व्हेरिएबल, म्हणजे बीजगणितातला आपला चल, इतकंच असतं. नाव कायम, आतली किंमत बदलती. नवी ठेवली की जुनी गेली. १९९५ साली आलेल्या जावास्क्रिप्टमध्ये हे नाव चक्क देवनागरीत, ‘पातळी’ असंही देता येतं.

नवशिका फसतो तो पुढे. समजा, पानावरच्या एका चौकटीत पातळी भरली १०, दुसरीत धोक्याची खूण ९. चौकटीतून जे येतं ते मजकूर म्हणून, संख्या म्हणून नव्हे. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरापासून. एक हा नवाच्या आधी, म्हणून दहा लहान! पाणी खुणेच्या वर आणि पडद्यावर ‘धोका नाही’. २००५ च्या जुलैत दरडीखाली माणसं गमावलेल्या गावात ही चूक हसण्यावारी नेता येत नाही.

उपाय सोपा. ‘नंबर’ हा आदेश वापरून मजकुराची आधी संख्या करावी, मग तुलना. मात्र चौकटीत आकडे इंग्रजीच हवेत. देवनागरी १० ‘नंबर’ला कळत नाही, आणि पडदा पुन्हा ‘धोका नाही’च म्हणतो.