बालवाडीचा उंबरठा आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या गुणगौरव कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आहे, तेव्हा दोन शब्द बोला, असे कार्यकारिणीने आम्हाला सांगितले. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या खिडकीमागे बसणारे एक लिपिक आहोत. परंतु समोर बसलेल्या या हुशार मुलामुलींकडे पाहताना एक प्रश्न मनात येतो. ही मुले आयुष्यात पहिल्यांदा ज्या वर्गात बसली, त्या वर्गातील बाकीची मुले आज कुठे आहेत? म्हणून आज आम्ही दहावीबद्दल न बोलता बालवाडीबद्दल बोलणार आहोत.

आमची पुतणी बारावीनंतर बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम करीत होती. सराव पाठांसाठी तिला गावातीलच एका बालवाडीत पाठविण्यात आले. आपले धामणगाव म्हणजे कापसाचे गाव. जिनिंगमध्ये राबणारे, बाजारात पोती वाहणारे, दुसऱ्याच्या वावरात रोजाने जाणारे, अशा घरांतील अठ्ठावीस मुले त्या वर्गात होती. वय तीन ते पाच वर्षे.

पहिल्या दिवशी ती पाठ टाचण तयार करून गेली. पाच मिनिटे गाणे, दहा मिनिटे चित्रे, पाच मिनिटे प्रश्न. प्रत्यक्षात गाणे सुरू होण्यापूर्वीच दोन मुले आईसाठी रडू लागली आणि त्यांचे पाहून आणखी चार. एका मुलीने हिची ओढणी धरली, ती शाळा सुटेपर्यंत सोडली नाही. एकाने चड्डी ओली केली. टाचणात यांपैकी कशालाच रकाना नव्हता. घरी आल्यावर ती म्हणाली, "मोठे बाबा, मले हे जमत नाही." त्या वर्गाच्या अनुभवी बाईंनी मात्र तिला एवढेच सांगितले होते, "आधी मुलांची नावं पाठ कर. टाचण मग."

त्या वर्गात एक मुलगा होता. घरून पोत्याचे बसकर आणायचा, कोपऱ्यात टाकून बसायचा आणि सुटताना घडी करून परत न्यायचा. दहा दिवसांत तो एक शब्द बोलला नाही. पुतणीने निरीक्षण वहीत लिहिले, "मूल मंद वाटते." बाईंनी ती ओळ खोडली आणि सांगितले, "तुला काय वाटलं ते लिहू नको. त्यानं काय केलं ते लिही." आम्हा बँकेतल्या माणसांना हे चटकन पटले. पावतीशिवाय नोंद करायची नसते, मग ती लेकराच्या नावावर तरी का करावी?

मग तिने पाहायला सुरुवात केली. तो मुलगा चिंचोके घेऊन बसे. मोठे एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला, फुटके तिसरीकडे. सांगितले कोणी नव्हते. जो वर्गीकरणाचा पाठ ती पुढच्या आठवड्यात घेणार होती, तो त्याने केव्हाच करून टाकला होता. त्याच्या आईला विचारले तर ती म्हणाली, "घरी त लय बोलते ना हा, म्याडम. शाळेतच काहून मुका होते, काय मालूम."

आणि एके दिवशी तो बोलला. पुतणीने भाज्यांची चित्रे धरली होती. टोमॅटोचे चित्र येताच कोपऱ्यातून आवाज आला, "भेद्रं!" आणि आमची पुतणी सवयीने म्हणाली, "भेद्रं नाही, टोमॅटो म्हण." वर्गातील दोन-तीन मुले हसली. तो मुलगा खाली पाहून पुन्हा चिंचोके मोजू लागला. त्यानंतर आठवडाभर त्याने तोंड उघडले नाही.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द आपण चूक ठरविला, हे तिला घरी आल्यावर उमगले. आमच्या घरी आजही भेद्र्याचीच चटणी होते. बोलीवरून हसणे काय असते, हे तिने स्वतः बाहेरगावी शिकताना सोसले होते. तरीही हातात चित्र आणि समोर वर्ग आल्याबरोबर तिने तेच केले. मित्रांनो, तिला दोष देण्यापूर्वी आम्ही स्वतःकडे पाहिले. खिडकीवर एखादी म्हातारी "बाबू, माह्या खात्यात पैसे आले काय?" असे विचारते, तेव्हा आम्हीही कितीदा त्रासून शुद्ध भाषेत उत्तर दिले आहे.

पुढच्या सोमवारी ती बाजारातून खरेखुरे टोमॅटो घेऊन गेली. ते मुलांच्या हातात देऊन तिने विचारले, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" अर्धा वर्ग ओरडला, "भेद्रं!" ती म्हणाली, "आमच्याही घरी. आणि पुस्तकात टोमॅटो म्हणतात. आपल्याला दोन्ही येतात." तो मुलगा त्या दिवशीही बोलला नाही. परंतु त्याने आपले बसकर उचलले आणि तिच्या जवळ आणून टाकले. नेमके त्याच दिवशी पाठाचे परीक्षण होते. "वर्गात गोंगाट, शिस्तीचा अभाव" असा शेरा मिळून तिचे गुण कापले गेले. तो शेरा तिने आजही जपून ठेवला आहे.

त्या पोत्याच्या बसकराने आम्हाला मात्र अस्वस्थ केले. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, बसायचे गोणपाट घरून न्यावे आणि परत आणावे लागे, आणि शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. या मुलाला कोणीही वेगळे बसविले नव्हते. फरशी थंड लागते म्हणून आईने ते दिले होते. पण कोपऱ्यात बसवायला आता कोणाच्या हुकमाची गरज उरलेली नाही. एक हसू पुरते.

ही गोष्ट केवळ आमच्या घरची नाही. बालशिक्षणाची सुरुवातच या प्रश्नातून झाली आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी खेळातून शिकविणारी शाळा काढली आणि पुढे तिला 'मुलांची बाग' या अर्थाचे किंडरगार्टन हे नाव दिले. रोममधील मजुरांच्या वस्तीत मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये बालगृह सुरू केले. आपल्याकडे ताराबाई मोडक विवाहानंतर काही काळ आपल्या अमरावतीतच राहत होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी काम केले, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरातील बालमंदिरे महागडी होतात, गरिबाचे मूल तिथे पोचत नाही, हे ओळखून १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. बालपणीच वैधव्य आलेली ही बाई पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी १९९२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, झिजली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. परदेशी महाग साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने, खडे वापरले. आमच्या पुतणीच्या वर्गातील चिंचोके असे थेट कोसबाडहून आलेले आहेत!

आता या हातांच्या गोष्टीकडे थोडे लक्ष द्या. तीन वर्षांचे मूल पेन्सिल मुठीत धरते. बोटांचे स्नायू अजून तयार नसतात. बिया वेचणे, माती मळणे, कागद फाडणे, मणी ओवणे यांतून ती बोटे तयार होतात आणि मग लेखन सोपे होते. पालक मात्र विचारतात, "बाई, नुसतं खेळवता काय? अक्षर कधी?" आम्हीही असेच पालक होतो. मुलगा साडेतीन वर्षांचा असताना हात धरून पाटीवर 'अ' गिरवून घेतला, रडला तरी सोडले नाही. आज तो नववीत आहे आणि लिहायचे म्हटले की तोंड फिरवतो. आमच्याच घाईचा त्यात वाटा असावा, असे मनाला लागून राहिले आहे. बँकेत शाईच्या पॅडवर अंगठा टेकवणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात पाहतो, तेव्हा आमची घाई कुठून आली तेही कळते. परंतु भीतीने धरलेली पेन्सिल फार दूर जात नाही.

अंगणवाडीची एकात्मिक बालविकास योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनची पहिली पाच वर्षे शिक्षणाचा पाया म्हणून धरली. कागदावर बालवाडीला मान मिळाला. समाजात अजून मिळायचा आहे. प्राध्यापकाला आपण व्यासपीठावर बसवतो आणि बालवाडीच्या बाईला "मुलं सांभाळते" म्हणतो. सावित्रीबाईंनी स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते आणि १८४८ पासून मुलींना शिकविले. शिकविण्याआधी शिकावे लागते, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

म्हणून आमच्या तीन नम्र सूचना आहेत. एक, गुणगौरवाच्या निधीतून दरवर्षी बालवाडी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेणाऱ्या एका मुलीची फी संस्थेने भरावी. पहिल्या वर्षाची रक्कम आम्ही देऊ. दोन, विहाराची मागची खोली सकाळी दोन तास लहान मुलांना खुली करावी आणि वस्तीतील आज्यांनी तिथे आपल्या बोलीत गोष्टी सांगाव्यात. तीन, पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात गावातील बालवाडी आणि अंगणवाडीच्या बाईंना पहिल्या रांगेत बसवावे.

आज सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांनो, घरी गेल्यावर तुमच्या पहिल्या बाई आठवा. जिवंत असतील तर पेढा घेऊन जा.

तो मुलगा सत्र संपेपर्यंत बोलू लागला. फार नाही. पण निरोपाच्या दिवशी त्याने पुतणीच्या हातात एक चिंचोका ठेवला आणि म्हणाला, "म्याडम, उद्या येजो." ती आज याच तालुक्यात बालवाडीत शिकवते.