चमत्कार आणि ईहा



दिनांक २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस सभागृहातील बहुतेक ज्येष्ठांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी पहाटे दिल्लीतील एका मंदिरातून वार्ता निघाली की, गणपतीची मूर्ती चमच्याने दिलेले दूध प्राशन करीत आहे. दुपारपर्यंत ती देशभर पसरली आणि दिवस मावळण्यापूर्वी लंडनमधील मंदिरांपुढेही रांगा लागल्या. भ्रमणध्वनी तेव्हा जवळजवळ कोणाच्याच हाती नव्हता, तरीही हे घडले. दिल्लीत केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागातील शास्त्रज्ञांनी रंग मिसळलेले दूध देऊन पाहिले, तेव्हा ते मूर्तीच्या आत न जाता तिच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरताना स्पष्ट दिसले. काठोकाठ भरलेल्या चमच्यातील द्रव पृष्ठताणामुळे किंचित फुगलेला असतो. दगडाचा स्पर्श होताच तो ओढला जातो आणि चमचा रिता होतो.

या घटनेची थट्टा करणे सोपे आहे, परंतु थट्टेने तिचा उलगडा होत नाही. रांगेत उभे राहिलेले लोक खोटे बोलत नव्हते. चमचा खरोखरच रिता होत होता आणि तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. चूक पाहण्यात नव्हती. पाहणे आणि निर्णय करणे यांच्या मधली एक पायरी गळली होती. त्या पायरीला आपल्या शास्त्रात नेमके नाव आहे. तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. वस्तूचे प्रथम ग्रहण म्हणजे अवग्रह, तिच्याविषयीचा निर्णय म्हणजे अवाय, आणि तो निर्णय टिकून राहणे म्हणजे धारणा. या ग्रहण आणि निर्णय यांच्यामध्ये आचार्यांनी ईहा ठेवली आहे. ईहा म्हणजे विशेष जाणण्याची इच्छा, शोध घेण्याची प्रवृत्ती. दूरवर पांढरे काही दिसले; ती बगळ्यांची रांग आहे की पताका, याचा विचार म्हणजे ईहा. चमत्काराच्या वार्तेत अवग्रहावरून थेट अवायावर उडी पडते.

बीडकरांना याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. शहराच्या दक्षिणेस सुमारे ६ किलोमीटरवर खजाना बावडी आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशाहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास सलाबतखानाने ती बांधविली आणि राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराने तिची रचना केली, असे परंपरा सांगते. दुष्काळातही तिच्या पाण्याची पातळी खाली जात नाही आणि पावसाळ्यात वर चढत नाही, ही या भागातील पिढ्यान्‌पिढ्यांची सांगी आहे. जेथे चैत्र लागण्यापूर्वीच विहिरींचे तळ दिसू लागतात, त्या जिल्ह्यात अशा विहिरीविषयी दैवी कथा रुजल्या तर नवल कसले? ‘खजाना’ या नावाने तर गुप्तधनाच्या कल्पनेलाही पाय फुटले. वस्तुतः निजामशाही खजिन्यातील द्रव्य या कामी लागले म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. द्रव्य विहिरीत पुरलेले नव्हते, ते विहिरीवर खर्च झालेले होते.

आता ईहेकडे वळावे. या बावडीला भूमिगत बोगदे आहेत. काहींतून पाणी आत येते आणि एकातून ते नहरीच्या वाटेने बाहेर पडून शेतीकडे जाते. ज्या पात्रात एका बाजूने सावकाश पाणी येत राहते आणि ठराविक उंचीवरील वाटेने बाहेर पडत राहते, त्या पात्रातील पातळी त्या वाटेपाशीच स्थिर राहणार. घराच्या गच्चीवरील टाकीला वरच्या अंगाला जादा पाण्याची नळी असते, तिचे तत्त्वही हेच. आत येणारे पाणी नदीच्या पात्राखालून व सच्छिद्र खडकांतून पाझरत येणारे असल्याने पावसाळ्याचा पूर त्यात एकदम उतरत नाही आणि उन्हाळ्याची ओढही उशिरा जाणवते. लोकांची सांगी म्हणजे मोजमाप नव्हे, हे लक्षात ठेवूनही तिच्यामागे ठोस निरीक्षण आहे असे मानायला जागा आहे. अशीच विद्या बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात आणि मलिक अंबरने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आणलेल्या नहरीत दिसते. मात्र ती दोन्ही कामे १७ व्या शतकातील, बावडीनंतरची. उलगड्याने बावडीचे महत्त्व उणे होत नाही. ज्या कारागिरांनी जमिनीच्या पोटातील उताराचा अचूक अंदाज बांधला, त्यांचे श्रेय मात्र दैवी कथेने झाकून टाकले होते.

याचा अर्थ प्रत्येक गूढ अशाच रीतीने सुटते, असा नव्हे. नागपूरचे एक प्रकरण या बाबतीत विचारात घेण्यासारखे आहे. १९७४ च्या सुमारास तेथील एक उच्चशिक्षित मराठी महिला अधूनमधून स्वतःला ‘शारदा’ म्हणवू लागली. त्या अवस्थेत तिला मराठी कळेनासे होई. ती बंगाली बोले, बंगाली सुवासिनीसारखी वागे, आणि आगगाडीसारख्या गोष्टी तिला अपरिचित वाटत. ही अवस्था कधी काही दिवस, कधी काही आठवडे टिके. तिने सांगितलेल्या कुळाचा शोध घेता बंगालमध्ये त्या आडनावाचे एक घराणे आढळले आणि त्यांच्या वंशावळीतील काही पुरुषांची नावे जुळली. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. इयान स्टीव्हन्सन, डॉ. सतवंत पसरिचा आणि महाराष्ट्रातील मानसशास्त्रज्ञ प्रा. वि. वि. अकोलकर यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला. दुसरी बाजूही त्याच अभ्यासांतून पुढे आली : तिला बंगालविषयी पूर्वीपासून ओढ होती आणि बंगालीचे काही धडेही तिने घेतले होते. मग इतके सहज संभाषण तेवढ्या शिक्षणातून आले, की मनाच्या एखाद्या अज्ञात व्यापारातून, की खरोखर पूर्वभवातून? अभ्यासकांचे यावर एकमत झालेले नाही.

पुनर्जन्म मानणाऱ्या जैन श्रोत्याला येथे ‘हे पहा, शास्त्र सिद्ध झाले’ असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा. जातिस्मरणाच्या कथा आपल्या पुराणांत विपुल आहेत, परंतु तत्त्वज्ञांनी जातिस्मरणाला मतिज्ञानाचाच एक प्रकार मानले. ज्या मतिज्ञानाने भाजीबाजारातील भाव लक्षात राहतो, त्याच कोटीतील ते! अवधिज्ञानाविषयी तर याहून विलक्षण विधान आहे. देवांना ते जन्मतःच असते, हे सर्वांना ठाऊक असते. पण नारकी जीवांनाही ते जन्मतःच असते, हे सहसा कोणी सांगत नाही. नरकातील जीव इंद्रियांच्या पलीकडचे पाहू शकतो आणि तरीही नरकातच असतो. मिथ्यादृष्टीच्या अशाच ज्ञानाला विभंगज्ञान म्हटले आहे. तात्पर्य, इंद्रियांच्या पलीकडचे दिसणे आणि सम्यक् दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हाच विचार दोन्ही आम्नायांच्या परंपरेत आढळतो. श्वेतांबर परंपरेतील कथेनुसार आर्य स्थूलिभद्रांना भेटण्यास त्यांच्या साध्वी भगिनी आल्या, तेव्हा त्यांनी नुकत्याच मिळविलेल्या विद्येने सिंहाचे रूप धारण करून दाखविले. आचार्य भद्रबाहूंना हे कळताच त्यांनी पुढील पाठ थांबविला. संघाच्या विनंतीवरून उरलेली चार पूर्वे शिकविली, तीही केवळ शब्दाने आणि पुढे कोणास न देण्याच्या अटीवर. एका प्रदर्शनाचे मूल्य सबंध परंपरेने मोजले. दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेचा आरंभच असा केला की, देवांचे आगमन, आकाशगमन, चामरे इत्यादी वैभव मायावी पुरुषांपाशीही दिसते. त्या कारणाने भगवंत आमच्यासाठी महान ठरत नाहीत. स्तुतीच्या प्रारंभी असे विधान करण्याचे धैर्य जगातील किती स्तोत्रकारांनी दाखविले असेल?

व्यंतर देवांच्या आठ भेदांत भूत आणि पिशाच यांची नावे आहेत, ही गोष्ट काही जण पुढे करतात. परंतु ती आपापले आयुष्य आणि कर्म घेऊन जन्मलेली एक देवयोनी आहे. चिंचेच्या झाडावर अडकलेला कोणाचा मृत आप्त नव्हे. शिवाय एकाचे कर्म दुसऱ्याने उतारा टाकून झाडून काढावे, अशी सोय कर्मसिद्धान्तात कोठेही नाही.

महाराष्ट्रातील जैनांच्या अंतःकरणातील सर्वांत जवळचे आश्चर्य म्हणजे वाशिम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. १४ व्या शतकातील जिनप्रभसूरींच्या विविधतीर्थकल्पात या क्षेत्राचा स्वतंत्र कल्प आहे. पूर्वी मूर्तीखालून डोक्यावर घट घेतलेली स्त्री जात असे, अशी जुनी श्रद्धा, आणि आता वस्त्र सरकते, असे भाविक सांगतात. त्या श्रद्धेला बाधा आणण्याचे येथे कारण नाही. परंतु याच मूर्तीच्या पूजेच्या अधिकारावरून दोन आम्नायांचा वाद १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९८१ पासून २०२३ पर्यंत सुमारे ४२ वर्षे मंदिराला कुलूप राहिले. अधांतरी मूर्तीसमोर मस्तक टेकविणाऱ्यांना एकमेकांशेजारी बसून पूजा करता येऊ नये, हे त्या मूर्तीखालील अंतरापेक्षाही अधिक अगम्य आहे.

ईहा गळण्याचे परिणाम नेहमी दुधाच्या काही लिटरांवर भागत नाहीत. ऊसतोडीच्या आणि कापसाच्या या जिल्ह्यात साप-विंचू नित्याचे. सर्पदंश झालेल्या माणसाला मांत्रिकाकडे नेले आणि तो वाचला, अशी उदाहरणे गावोगाव सांगितली जातात, आणि ती खोटीही नसतात. बहुसंख्य साप बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्या दंशातही दर वेळी पुरेसे विष उतरत नाही; असे रुग्ण मंत्रावाचूनही वाचले असते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष खरोखर भिनलेला रुग्ण मात्र त्या दोन तासांत हातचा जातो, आणि त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. प्रतिविषाची सोय असलेल्या आरोग्य केंद्रात वा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी रुग्णास तत्काळ पोहोचविणे, एवढेच कर्तव्य त्या घटकेला उरते.

विंचवाचे उदाहरण तर याच मातीतील माणसाचे आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे काही तासांत का दगावतात, हे तेव्हा कोडेच होते. विंचू उतरविणाऱ्यांची त्यावर चलती होती. बावस्करांनी रात्ररात्र रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषाने रक्तवाहिन्या आकुंचन पावून हृदयावर असह्य ताण येतो, हे त्या नोंदींतून उमगले आणि १९८० च्या दशकात रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिले. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरांतील तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण सुमारे एकावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातील आरोग्य केंद्रांत आजही ती गोळी दिली जाते.