हे मूल रात्री कसे झोपते?

(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



डाउन सिंड्रोम असलेले मूल वर्गात पेंगते, चिडते, शिकवलेले विसरते. आपण म्हणतो, 'ते तसेच आहे.' हा निर्णय देण्यापूर्वी ते रात्री कसे झोपते, हे विचारा, एवढीच माझी विनंती आहे.

लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या मुलांचे वर्णन केले. त्यांच्या पेशींत २१वे गुणसूत्र एक जास्त असते, हे लेज्यून व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवून दिले. तेव्हा आईबापांनी स्वतःस दोष देऊ नये.

या मुलांच्या चेहऱ्याचा मधला भाग लहान, श्वासाची वाट अरुंद आणि स्नायू सैल असतात. झोपेत ते आणखी सैल पडतात. त्यातच टॉन्सिल्स वाढलेल्या असल्या, तर वाट बंद होते, श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मूल अर्धवट जागे होते. असे रात्रभर चालते. यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना हा त्रास आढळतो. हृदयात जन्मजात दोष असल्यास फुफ्फुसांतील रक्तदाब वाढण्याचा धोकाही असतो.

घोरणे, तोंड उघडे ठेवणे, मान मागे टाकून किंवा बसून पुढे वाकून झोपणे, घाम येणे, ही त्याची लक्षणे. परंतु रोजचे घोरणे घरच्यांच्या अंगवळणी पडते, आणि काही मुलांत लक्षणे दिसतही नाहीत. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली, लक्षण असो वा नसो, चौथ्या वर्षापर्यंत झोपेची तपासणी करण्याचा सल्ला दिला. ही सोय जवळ नसेल, तर झोपलेल्या मुलाचे मोबाइलवर चित्रण करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

बहुधा टॉन्सिल्स व अ‍ॅडिनॉइड काढतात. पण तेवढ्याने सर्वांचा त्रास जात नाही. पुन्हा तपासणी हवीच. काहींना झोपताना मुखवट्यातून दाबाची हवा द्यावी लागते. वजन आणि थायरॉइडकडेही लक्ष ठेवावे. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना डाउन सिंड्रोमबद्दल अवश्य सांगा, कारण मानेचे सांधे सैल असू शकतात.

शिक्षकहो, पेंगणाऱ्या मुलाला उभे करू नका. त्याच्या आईला बोलावून विचारपूस करा. मूल किती शिकेल, हे त्याला पुरती झोप मिळाल्यावरच कळेल.