आईची कवळी आणि टॅक्स

आज दाताच्या बिलाबद्दल बोलू. गिरगाव असो की लालबाग, रूट कॅनल म्हटलं की खिशाला घाम फुटतो. टॅक्समध्ये काही सुटतं का?

तुमचं वय साठच्या आत असेल, तर स्वतःच्या दातासाठी नाही. पण आईबाबा 60 च्या पुढचे आहेत आणि त्यांचा आरोग्य विमा नाही? मग त्यांच्या उपचारांचा खर्च वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत वजा होतो. या सवलतीच्या कलमात दाताचा वेगळा उल्लेख नाही, ‘वैद्यकीय खर्च’ एवढंच आहे. म्हणून बिलावर उपचार स्पष्ट लिहून घ्या.

समजा, आईच्या कवळीचे 40,000 तुम्ही भरले. 20 टक्के स्लॅबमध्ये सेससकट 8,320 वाचतात. अटी दोन: कर प्रणाली जुनी हवी आणि पैसे रोख दिलेले नकोत. यूपीआय, कार्ड चालतं.

क्लेम राहून गेला? 2024-25 चं रिटर्न 31 डिसेंबर 2025 पर्यंत रिवाइज करता येत होतं. त्यानंतर अपडेटेड रिटर्न भरून रिफंड वाढवता येत नाही.

तेव्हा आजच घरी विचारा, बिल कुठंय? आणि पुढचं पेमेंट तुमच्या फोनवरून करा.