सेटिंग बदलली, ओके केलं, तरी जशीच्या तशी! व्हर्च्युअल मेमरीचा घोळ

पुसेगावहून बोलतोय. नेहमीप्रमाणे सांगून टाकतो, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं साताऱ्याचं पुसेगाव नाही, आपलं हिंगोली जिल्ह्यातलं. आजच्या एपिसोडमध्ये बटणांची नावं भरपूर आहेत, म्हणून बोललो ते जवळपास तसंच इथे लिहून दिलंय. मोबाईलवर हे पान उघडून ठेवा आणि कॉम्प्युटरसमोर बसा.

विषय असा आहे. जुनं मशीन, 4 जीबी रॅम. क्रोममध्ये चार टॅब उघडले की 'आउट ऑफ मेमरी' येतं आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो. कोणीतरी सांगतं, व्हर्च्युअल मेमरी वाढव. आपण वाढवतो, ओके करतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर जुनाच आकडा. पुन्हा बदलतो, पुन्हा तेच. मग माणूस वैतागून म्हणतो, विंडोजच उडवून नवीन टाकू.

थांबा. विंडोज उडवायची घाई नको. सेटिंग टिकत नाही म्हणजे ती वाटेत कुठेतरी हरवते. कुठे हरवते ते दोन मिनिटांत कळतं.

आधी व्हर्च्युअल मेमरी म्हणजे काय ते थोडक्यात. रॅम म्हणजे दुकानाचं काउंटर, डिस्क म्हणजे मागचं गोदाम. काउंटरवर जागा संपली की सध्या न लागणारा माल गोदामात ठेवायचा, लागला की परत आणायचा. विंडोज हा माल ज्या फाइलीत ठेवतं तिचं नाव पेजफाइल. ती सहसा सी ड्राइव्हवर लपलेली असते. कल्पना जुनीच आहे. 1962 मध्ये मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या ॲटलस कॉम्प्युटरमध्ये हीच युक्ती होती, तिथे गोदामाचं काम फिरणारा मॅग्नेटिक ड्रम करायचा. आणि तुमच्या मोबाईलच्या जाहिरातीत '8+8 जीबी रॅम' असतं ना, त्यातले दुसरे 8 म्हणजे हेच गोदाम. स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा.

आता ही सेटिंग प्रवास कसा करते बघा. तुम्ही खिडकीत आकडा टाकता. तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या वहीत, लिहिला जातो. पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना सेशन मॅनेजर नावाचा प्रोग्राम ती वही वाचतो आणि तेवढी फाइल तयार करतो. म्हणजे आकडा टाकणारे आपण, पण काम करणारा दुसराच, आणि तेही बूट होताना. आपण ओके दाबतो तेव्हा खरं तर फक्त अर्ज दिलेला असतो.

खिडकी उघडायची सोपी वाट सांगतो. विंडोजचं बटण धरून आर दाबा. इंग्रजीत टाइप करा: एस, वाय, एस, डी, एम, मग डॉट, मग सी, पी, एल. एंटर. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, तिथे पुन्हा ॲडव्हान्स्ड, आणि व्हर्च्युअल मेमरीखाली चेंज. ही खिडकी आज आपल्याला तपासासाठी दोनदा उघडायची आहे. एकदा ओके केल्यावर लगेच, एकदा रीस्टार्ट झाल्यावर.

पहिली शक्यता. ओके केल्यावर लगेच उघडलं तरी जुनाच आकडा. म्हणजे अर्ज वहीत गेलाच नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, आणि कारण एक छोटंसं बटण असतं: सेट. वरची 'ऑटोमॅटिकली मॅनेज' वाली टिक काढायची, ड्राइव्ह निवडायचा, कस्टम साइझमध्ये इनिशियल आणि मॅक्झिमम दोन्ही आकडे टाकायचे, आणि मग सेट दाबायचं. त्यानंतर ओके. सेट न दाबता ओके केलं तर विंडोज काही बोलत नाही, गुपचूप तुमचा आकडा सोडून देतं. सेट दाबूनही होत नसेल तर ॲडमिन अकाउंट आहे का बघा.

दुसरी शक्यता. आकडा नवीन दिसतोय, पण त्याच खिडकीत खाली 'करंटली अलोकेटेड' लिहिलेलं असतं, तिथे जुनाच आकडा. म्हणजे अर्ज पोचलाय, अंमलबजावणी बाकी आहे. आकडा वाढवला तर बहुतेक वेळा लगेच लागू होतो, कमी केला तर रीस्टार्ट लागतो. इथे एक गंमत आहे. आपण म्हणतो, "अहो, रोज रात्री बंद करतो की!" पण विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू होते. मग वही पुन्हा वाचायची वेळच येत नाही. म्हणून शट डाउन करून चालू करू नका, मेनूतलं रीस्टार्ट दाबा. रीस्टार्ट मात्र पूर्ण होतो.

तिसरी शक्यता. लॉगिन झाल्या झाल्या मेसेज येतो की पेजिंग फाइलमध्ये अडचण आली म्हणून विंडोजने तात्पुरती फाइल बनवली. म्हणजे अर्ज वाचला, पण फाइल करता आली नाही. सी ड्राइव्ह गच्च भरलाय का बघा. पेजफाइल दुसऱ्या ड्राइव्हवर टाकली असेल तर तो बूटच्या वेळी तयार असतो का बघा. बिटलॉकरने कुलूपबंद ड्राइव्ह किंवा यूएसबीची हार्ड डिस्क इथे चालत नाही. पेजफाइल सी वरच ठेवा, ताप कमी.

चौथी शक्यता सगळ्यात फसवी. ओके केल्यावर लगेच बघितलं तर आकडा नवीन, रीस्टार्टनंतर थेट जुना. म्हणजे अर्ज लिहिला गेला, पण कोणीतरी वहीचं पानच बदलून ठेवतंय.

याचं उदाहरण आमच्याच भागातलं. सेवा केंद्र चालवणाऱ्या एका मित्राचा फोन आला. "भाऊ, रोज सेटिंग बदलायलो अन् रोज सकाळी जशीच्या तशी. बाहेर पीक विम्याची लाइन लागलीय." सेट दाबलं होतं, रीस्टार्ट केला होता, सी वर जागा होती. मी विचारलं, अजून काय काय परत जुनं होतं? तर म्हणाला, क्रोम रोज तोच पासवर्ड सेव्ह करू का म्हणून विचारतं. आणि मग जरा दबकत म्हणाला, डेस्कटॉपवर ठेवलेल्या पावत्यांच्या पीडीएफही सकाळी नसतात. त्याचा संशय केंद्रात कामाला असलेल्या पोरावर होता. दोनदा त्याला बोलूनही झालं होतं.

मी म्हटलं, डेस्कटॉपवर एक रिकामं फोल्डर कर आणि तूच रीस्टार्ट कर. फोल्डर गायब! पोराचा काही संबंध नव्हता. मशीन सेकंडहँड होतं, आधी एका ट्रेनिंग सेंटरच्या लॅबमध्ये होतं. लॅबमध्ये मुलांनी काहीही उचकापाचक केली तरी रीस्टार्टनंतर सगळं पूर्ववत व्हावं म्हणून ड्राइव्ह गोठवणारं सॉफ्टवेअर टाकतात. डीप फ्रीझ हे त्यातलं माहितीतलं नाव, घड्याळाजवळ त्याचं अस्वलाचं चित्र दिसतं. या मशीनमध्ये असंच एक सॉफ्टवेअर राहून गेलं होतं आणि फक्त सी ड्राइव्ह गोठवत होतं. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांच्याकडून पासवर्ड मिळवला, गोठवणं बंद केलं, आकडा टाकला, टिकला. गेलेल्या पावत्या मात्र पोर्टलवरून पुन्हा डाउनलोड कराव्या लागल्या. पोराला मित्राने काय सांगितलं ते मी विचारलं नाही, पण पोरगं अजून तिथेच कामाला आहे.

म्हणून सेकंडहँड मशीन घेतलं की पहिल्याच दिवशी ही फोल्डरवाली टेस्ट करा. व्हर्च्युअल मेमरीला हात लावायचा नसला तरी करा. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर असं होत असेल तर ते मुद्दाम केलेलं असतं, तिथल्या ॲडमिनला विचारा, जुगाड करू नका.

आता आकडा किती टाकायचा? खरं सांगू, बहुतेकांनी काहीच टाकू नये. 'ऑटोमॅटिकली मॅनेज' ठेवलं तर विंडोज गरजेप्रमाणे फाइल वाढवतं. फक्त सी वर मोकळी जागा ठेवा. हाताने टाकायचाच असेल तर 4 जीबी रॅमसाठी इनिशियल 4096 आणि मॅक्झिमम 8192 ठीक आहे. आकडे एमबीत असतात, चार टाकाल तर चार जीबी होत नाही. 'नो पेजिंग फाइल' केल्यावर मशीन पळतं असं सांगणारे व्हिडिओ दिसतील. 4 जीबीवर ते केलंत तर पळणार नाही, प्रोग्राम पटापट बंद पडतील.

आणि एवढं लक्षात असू द्या, गोदाम मोठं केलं म्हणून काउंटर मोठं होत नाही. फॉर्म मध्येच उडणं थांबेल, पण वेग वाढणार नाही. जुनी हार्ड डिस्क असेल तर उलट कुरकुर ऐकू येईल. वेग हवा असेल तर रॅमची पट्टी वाढवा किंवा एसएसडी टाका. मोबाईललाही हेच लागू, '8+8' म्हणजे खरे 16 नव्हेत.

तर आज करून बघा. ओके केल्यावर एकदा, रीस्टार्टनंतर एकदा. चारपैकी कुठल्या जागी अडकलात ते आकड्यांच्या फोटोसकट कळवा, पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला उत्तरं घेऊ. भेटू!